ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर : लढाई इतकी नेटकी, मग अर्ध्यात कंटाळा का येतो?

नीरगाठ

ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर (२०१८, स्क्वेअर एनिक्स आणि अ‍ॅक्वायर) या खेळाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, सुपर फॅमिकॉम या जुन्या कन्सोलच्या काळातल्या जपानी आरपीजींचा (पात्रं वाढवत कथा खेळायच्या खेळांचा) खरा वारस हाच. दुसरा म्हणतो, तिसऱ्या अध्यायापर्यंत गेलात की एकच अध्याय आठ वेळा खेळल्यासारखं वाटतं.

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, आणि कारण एकच आहे. लढाईची यंत्रणा फार विचार करून बांधली आहे. तिच्याभोवतीची रचना मात्र तिला वाव देत नाही. जाणकारांनी लिहावं: नेमकं काय चांगलं, नेमकं काय फसलं, आणि आज नव्याने सुरू करणाऱ्याने कंटाळा टाळायला काय करावं? सुरुवात पहिल्यापासून करावी की थेट दुसऱ्या भागापासून (२०२३)?

कथेतलं काही फोडायचं असेल तर वर 'रसभंग' लिहा, ही विनंती.

पिक्सेलपंत

छान धागा. आधी दिसण्याबद्दल, कारण सगळ्यांचं लक्ष पहिल्यांदा तिथेच जातं.

याला 'एचडी-टूडी' म्हणतात. माणसं सपाट पिक्सेलची, जमीन-घरं-डोंगर त्रिमितीतले, वर पिक्सेलचंच पोत चढवलेलं. अनरिअल इंजिन ४ या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेलं काम आहे. खरी करामत प्रकाशात आणि फोकसमध्ये. पडद्याचा मधला पट्टा स्वच्छ, वरचा आणि खालचा भाग धूसर, त्यामुळे गाव एखाद्या छोट्या देखाव्यासारखं दिसतं. किल्ला करून त्यावर मावळे मांडल्यावर जमिनीला डोळा लावून बघावं, तसं. फ्लेम्सग्रेस या गावात बर्फावर पडलेला खिडकीचा पिवळा उजेड थांबून बघा. जुन्या कन्सोलवर असा उजेड शक्यच नव्हता, तरी वाटतं की तेव्हाचे खेळ असेच दिसायचे. आठवण जशी असते तसं चित्र काढलंय, यंत्र जसं होतं तसं नाही.

उणं एवढंच: धूसरपणा आणि कडांचा काळोख जरा जास्त झालाय. हातात धरून लहान पडद्यावर खेळताना वरच्या कोपऱ्यातली पेटी सहज सुटते. आणि बॉसची (अध्यायाअखेरच्या बड्या शत्रूंची) चित्रं प्रचंड मोठी, पण जवळपास हलतच नाहीत.

सहा_ढाली

लढाईबद्दल मी लिहितो. 'बूस्ट आणि ब्रेक' एवढं म्हणून लोक पुढे जातात, पण मजा हिशेबात आहे.

प्रत्येक शत्रूच्या नावाखाली ढालीचा आकडा असतो. सहा शस्त्रं (तलवार, भाला, खंजीर, कुऱ्हाड, धनुष्य, काठी) आणि सहा तत्त्वं (आग, बर्फ, वीज, वारा, प्रकाश, अंधार) यांतल्या काहींना तो शत्रू कमजोर. त्या प्रकारचा प्रत्येक घाव ढाल एकने कमी करतो. शून्य झाली की 'ब्रेक': शत्रूची त्या फेरीतली उरलेली चाल जाते, पुढची अख्खी फेरीही जाते, आणि तेवढ्या वेळात त्याला मार जास्त बसतो.

बूस्ट म्हणजे साठवलेले गुण खर्चून चाल जोरदार करणं. त्याचा हिशेब असा. सुरुवातीला हातात १ गुण, दर फेरीला १ वाढतो, साठा ५ पर्यंत, एका चालीत जास्तीत जास्त ३ खर्चता येतात. आणि ज्या फेरीत खर्च केलात तिच्या पुढच्या फेरीत वाढ मिळत नाही. हे शेवटचं कलम सगळ्या यंत्रणेचा कणा आहे. दर फेरीला थोडंथोडं उडवणारा कायम कंगाल राहतो.

उदाहरण घ्या. बॉसची ढाल ६, कमजोरी खंजीर आणि वीज. पार्टीत (लढणाऱ्या चौघांत) थेरियन चोर, सायरस विद्वान, प्रिमरोज नर्तकी, ऑल्बरिक योद्धा.

पहिली फेरी: थेरियनचा खंजीर, सायरसची वीज. ढाल ४.
दुसरी फेरी: पुन्हा तेच. ढाल २. बूस्ट कुणीच वापरलेला नाही.
तिसरी फेरी: थेरियन चपळ, म्हणून बॉसच्या आधी त्याची पाळी. १ गुण खर्चून साधा हल्ला केला की दोन घाव बसतात. ढाल शून्य, आणि बॉसने अजून हात उचललेला नाही! त्याच फेरीत प्रिमरोज ऑल्बरिकवर 'लायन डान्स' टाकते, त्याचा मारा वाढतो.
चौथी फेरी: बॉस आडवा. ऑल्बरिककडे ४ गुण जमलेत, त्यातले ३ 'क्रॉस स्ट्राइक'मध्ये. इथे रक्ताची पट्टी कशी घसरते ते बघा.
पाचवी फेरी: बॉस उठतो, ढाल पुन्हा ६, आणि उठणाऱ्याची चाल सगळ्यात आधी. म्हणून चौथ्या फेरीत कुणीतरी मलमपट्टी केलेली असलीच पाहिजे.

नवखे इथेच चुकतात. बॉसची चाल होऊन गेल्यावर त्याच फेरीच्या शेवटी ब्रेक करतात. मग त्याची एकच चाल बुडते, दोन नाही. ढाल १ वर आणून ठेवायची आणि पुढच्या फेरीच्या तोंडाशी फोडायची, हा नियम पाळला तर निम्म्या लढाया सोप्या होतात. वरच्या पट्टीत या फेरीचा आणि पुढच्या फेरीचा क्रम दिसतो, तो दर चालीला वाचा.

घाटवाट

सहा_ढाली, सुरेख समजावलंत. वाचनखूण साठवली.

एक पुरवणी: बूस्टने *साध्या* हल्ल्याचे घाव वाढतात (३ गुणांत ४ घाव), पण कौशल्य बूस्ट केलं तर बहुतेक वेळा जोर वाढतो, घावांची संख्या नाही. म्हणून ढाल फोडायला साधा हल्ला बूस्ट करा आणि फुटल्यावर कौशल्य बूस्ट करा. हे उलटं केलं की गुणही जातात आणि ढालही तशीच राहते.

तळमजला

लढाईबद्दल वाद नाही. पण धागाकर्त्याचा प्रश्न रचनेचा आहे, तर त्यावर स्पष्ट लिहिते.

आठ प्रवासी, प्रत्येकाचे चार अध्याय, एकूण ३२. आणि जवळपास प्रत्येक अध्याय असा: गावात शिरा, प्रसंग बघा, त्या माणसाची 'पाथ अ‍ॅक्शन' एकदा वापरा (थेरियनने चोरी, सायरसने चौकशी वगैरे), गावाशेजारच्या गुहेत जा, शेवटी बॉस. गुहा लहान, मुख्य वाट सरळ, फाट्यावर पेटी. यात फरक जवळजवळ पडतच नाही. ३२ वेळा एकाच साच्यातले गणपती.

त्याहून खटकणारं म्हणजे बाकीचे प्रवासी कथेत नसतातच. लढाईत चौघं खांद्याला खांदा लावून उभे, आणि लगेच पुढच्या प्रसंगात प्रिमरोज आपल्या शत्रूसमोर एकटी. बाकी तिघं कुठे गेले? मधे 'ट्रॅव्हल बँटर' नावाचे छोटे संवाद उघडतात, ते चांगले लिहिलेत, पण ते बाजूलाच राहतात. जपानी आरपीजीत पार्टी जमणं हीच अर्धी कथा असते. ती इथे नाही.

पिक्सेलपंत

तळमजलाताई, साच्याबद्दल १००% सहमत, पण एकटेपणाबद्दल थोडा असहमत.

ही कादंबरी नाही, दिवाळी अंक आहे. आठ लेखक, आठ कथा, मुखपृष्ठ एक. कादंबरी समजून वाचायला घेतलं की निराशा होणारच. अंक म्हणून बघितलं तर त्यातल्या दोन-तीन कथा खरोखर दमदार आहेत.

रसभंग: आल्फिनचा तिसरा अध्याय बघा. वैद्य आहे, समोर जखमी आला की बरं करायचं एवढंच त्याला ठाऊक. मिगेल नावाच्या माणसाला तो वाचवतो आणि तो खुनी निघतो. उपचार कुणावर करावा, हा प्रश्न खेळ तिथे विचारतो आणि चौथ्या अध्यायापर्यंत सोडत नाही. हलकाफुलका वाटणारा माणूस सगळ्यात जड प्रश्नाशी येऊन थांबतो. रसभंग समाप्त.

तळमजला

दिवाळी अंकाची उपमा मान्य. पण अंकातली नावडती कथा पान उलटून सोडता येते. इथे पुढे वाढायचं तर नावडत्या माणसाचीही लेव्हल वाढवावी लागते, कारण बाहेर बसलेल्या चौघांना अनुभवाचे गुण मिळत नाहीत. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

रानवाऱ्या

+१. आणि आकडे बघा. पहिले अध्याय संपेपर्यंत माणूस १०-११ लेव्हलला असतो, दुसऱ्या अध्यायांची शिफारस विशीच्या पुढची, तिसऱ्यांची तिशीतली, चौथ्यांची ४५. पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायामधली दरी सगळ्यात वाईट. लोक खेळ सोडतात ते इथेच.

पण ती दरी लेव्हलने भरायची नसते, शस्त्राने भरायची असते. या खेळात चांगलं शस्त्र पाच-सहा लेव्हलच्या तोडीचं पडतं. क्रम असा ठेवा:

आठही जण गोळा करा, पहिले अध्याय उरका. मग शिफारशीकडे न बघता बाहेरच्या वर्तुळातल्या गावांकडे चालत सुटा. वाटेत पळत जाऊ नका, धावण्याने वाटेवरच्या लढायांचं प्रमाण वाढतं. सायरसला चार कौशल्यं शिकवली की विद्वान जॉबचं (पेशाचं) पहिलं सपोर्ट कौशल्य, म्हणजे आपोआप लागू राहणारं, 'इव्हेसिव्ह मॅन्युव्हर्स' मिळतं, त्याने लढाया कमी होतात. लढाई झालीच तर काढता पाय घ्या. गावात पाऊल पडलं की ते नकाशावर कायमचं उघडतं, पुढे थेट उडी मारता येते.

गावात थेरियनने चोरी, व्यापारी ट्रेसाने खरेदी. चोरीची टक्केवारी आधीच दिसते. गावाच्या तोंडाशी सेव्ह करा, फसली तर लोड करा. वारंवार फसलात तर त्या गावात नाव खराब होतं आणि मधुशाळेच्या मालकाला पैसे मोजून ते धुऊन काढावं लागतं.

आणि वाटेवरची जॉबची देवळं सोडू नका. दुसरा जॉब मिळाला की माणूस दुप्पट उपयोगी होतो. मूळ आठ जॉबच्या देवळांत कुणी राखणदार नाही, फक्त पोहोचायचं.

घाटवाट

सुरुवात कुणापासून करावी हेही सांगा कुणीतरी. ज्याच्यापासून सुरू कराल तो त्याची स्वतःची कथा संपेपर्यंत पार्टीतून काढता येत नाही. हे खेळ आधी नीट सांगत नाही.

रानवाऱ्या

थेरियन किंवा सायरस.

थेरियन, कारण जांभळ्या पेट्या फक्त तोच उघडतो. तो पार्टीत नसेल तर त्या पेटीसाठी परत यावं लागतं. सायरस, कारण लढाई सुरू होताच समोरच्या शत्रूंची एकेक कमजोरी आपोआप उघडी पडते, आणि त्याची जादू सगळ्यांना एकदम लागते. वाटेवरच्या किरकोळ लढाया त्याच्याइतक्या झटपट कुणीच संपवत नाही.

चौघांची घट्ट पार्टी हवी तर ही: थेरियन (तलवार, खंजीर, आग), सायरस (काठी, आग, बर्फ, वीज), ट्रेसा (भाला, धनुष्य, वारा), आल्फिन (कुऱ्हाड, बर्फ आणि उपचार). सहाही शस्त्रं झाली, तत्त्वांतली चार झाली. उरले प्रकाश आणि अंधार: धर्मोपदेशकाचा जॉब एकाला दिला की प्रकाश, नर्तकीचा दुसऱ्याला दिला की अंधार. मग कुठलीही ढाल समोर येऊ दे.

सहा_ढाली

पार्टी उत्तम. फक्त हीच पार्टी शेवटपर्यंत धरून बसू नका. का, ते खाली कुणीतरी लिहीलच.

निळावंती

रच्याकने, हानितच्या इंग्रजीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? शिकारी मुलगी, तिच्या गावाची बोली जुनाट दाखवायची म्हणून इंग्रजी अनुवादकांनी 'दाऊ', 'हॅथ' घातलं आणि क्रियापदांना मनाला येईल तिथे 'एन' जोडला. खरं जुनं इंग्रजी असं चालत नाही. आपल्याकडे एखाद्या पात्राला ज्ञानेश्वरीतलं वाटावं म्हणून प्रत्येक शब्दापुढे 'जी' आणि 'तें' लावून द्यावं, तसा प्रकार. हेतू चांगला, कान मात्र किटतात. उपाय सोपा: आवाज जपानी ठेवा, अक्षरं इंग्रजी. निदान ऐकावं तरी लागत नाही.

आणि संगीत! यासुनोरी निशिकी. बॉसच्या आधीचा संवाद चालू असतो, मागे त्या प्रवाशाची धून हळू वाजत असते, आणि शेवटचं वाक्य संपताच तीच धून न तुटता चढत जाऊन बॉसच्या संगीतात मिसळते. आठही प्रवाशांसाठी हा जोड वेगळा रचलाय. तबलजीने समेवर आणून सोडावं तसं वाटतं. कथेत पार्टी एकटी पडते हे खरं, पण त्या दहा सेकंदांत कथा आणि लढाई एक होतात. ती जागा घाईघाईत बटण दाबून उडवू नका, एवढंच सांगणं.

पिक्सेलपंत

संगीताला मनापासून अनुमोदन.

गावकऱ्यांचंही सांगायला हवं. सायरस किंवा आल्फिनने चौकशी केली की रस्त्यावरच्या साध्या माणसाचीही तीन-चार ओळींची हकिगत मिळते. कुणी मुलाला सोडून आलाय, कुणी कर्ज फेडतोय. शिवाय त्यातून धर्मशाळेचा दर उतरतो, लपलेली वस्तू सापडते. मुख्य कथेपेक्षा काही गावकरी जास्त लक्षात राहतात.

सहा_ढाली

आता तो शेवट. रसभंग.

आठही कथा एकमेकींशी जोडलेल्या आहेत, पण हे मुख्य खेळात जवळजवळ दिसत नाही. आठही कथा संपवल्या आणि किट नावाच्या प्रवाशाच्या साइड क्वेस्टसकट ठरावीक साखळी पुरी केली, तरच 'गेट ऑफ फिनिस' उघडतं. आत आठ जुन्या बॉसच्या लढाया ओळीने, मग गाल्डेरा हा अखेरचा बॉस. मधे सेव्ह नाही. गाल्डेराचे दोन टप्पे, आणि त्यासाठी चौघांच्या दोन पार्ट्या, म्हणजे आठही माणसं लागतात.

ज्याने चौघांवरच सगळा खेळ काढला, त्याच्यासाठी इथे भिंत उभी राहते. आणि हरलात तर आठ बॉस पुन्हा पहिल्यापासून. आठांचा खेळ आहे तर आठ हवेत, इथपर्यंत हेतू पटतो. पण मधे एक सेव्ह द्यायला काय हरकत होती? कथेची खरी गाठ जिथे सुटते तिथे बहुतेक जण पोचतच नाहीत. माझ्या मते ही या खेळाची सगळ्यात मोठी चूक आहे, साच्यापेक्षाही मोठी.

तयारीसाठी: रूनलॉर्ड हा जॉब ट्रेसाला द्या (त्याच्या देवळात राखणदार बॉस आहे, आधी तो मारावा लागतो). रूनलॉर्डचं 'ट्रान्स्फर रून' चालू असताना स्वतःवर टाकलेलं कौशल्य सगळ्या पार्टीला लागू होतं. ट्रेसाचं स्वतःचं 'साइडस्टेप' एक शारीरिक हल्ला हमखास चुकवतं. दोन्ही जोडा, चौघंही हल्ला चुकवतात. 'रेस्ट'सुद्धा असंच वाटता येतं.

मागे पडलेल्यांची लेव्हल वाढवायला 'केट' नावाचा मांजरीसारखा शत्रू शोधा. अनुभव भरपूर देतो, पण घाव चुकवतो आणि पळून जातो. त्याच्यावर तलवार वाया घालवू नका, सोलस्टोन फेका. पिशवीत मोठे सोलस्टोन कायम असू द्या. सोबत प्रिमरोजचं 'बिवाइल्डरिंग ग्रेस': परिणाम नशिबावर, कधी अनुभव पाचपट-दहापट, क्वचित शंभरपट, कधी आपलीच पार्टी आडवी. म्हणून आधी सेव्ह. रसभंग समाप्त.

तळमजला

सहा_ढाली, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत. आणि माझा आक्षेपही यातच बसतो. जोडणी होती, ती लपवून ठेवली. चौथ्या अध्यायात दोन-दोन प्रवाशांच्या कथा एकमेकींना नुसत्या भिडल्या असत्या, तरी साचा मोडला असता.

नीरगाठ

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं. मूळ प्रश्नाचा शेवटचा तुकडा मात्र राहिला: पहिला की दुसरा?

तळमजला

दुसरा. खंड वेगळा, प्रवासी वेगळे, पहिला खेळलेला असण्याची गरज नाही. आणि इथल्या तक्रारी त्यांनी एकेक करून हाताळल्यात: 'क्रॉस्ड पाथ्स'मध्ये प्रवाशांच्या जोड्यांना एकत्र कथा आहे, शेवटी आठांचा सामाईक अध्याय आहे आणि तो लपवलेला नाही. दिवस-रात्र बटणाने बदलता येते, त्यामुळे प्रत्येकाकडे दोन पाथ अ‍ॅक्शन. अध्यायांचा साचाही सैल केलाय. लढाईचा वेग दुप्पट करायची सोयही आहे.

रानवाऱ्या

मी पहिला म्हणेन, एका अटीवर. दुसऱ्याच्या सोयी अंगवळणी पडल्या की मागे येऊन पहिला खेळवत नाही. दोन्ही खेळायचे असतील तर क्रम तोच ठेवा. एकच खेळायचा असेल तर ताई म्हणतात तसं, दुसरा.

पण बाहेर बसलेल्यांना अनुभव न मिळणं तिथेही तसंच आहे, तेव्हा माणसं फिरवत राहा. सोपी पद्धत: ज्याचा अध्याय चालू आहे तो, अधिक लेव्हलने सगळ्यात मागे असलेले दोघं, अधिक एक तगडा. अध्याय संपला की मधुशाळेत जाऊन तिघं बदला. सुरुवातीचा प्रवासी तेवढा हलत नाही.

नीरगाठ

ठरलं, पहिल्यापासून. सायरस घेऊन सुरू करतो आणि दर अध्यायाला तिघं बदलतो. फ्लेम्सग्रेसच्या खिडकीपाशी आधी थांबेन.

घाटवाट

सायरसच्या पहिल्या अध्यायात तो एकटाच असतो आणि त्याच्याकडे उपचार नाहीत. बॉसपाशी जायच्या आधी अ‍ॅटलसडॅम या त्याच्या गावातून हीलिंग ग्रेप (जीव भरून काढणारी वस्तू) भरपूर घेऊन ठेवा.